मरुभूमीचे ऋण आणि खेजडीची सावली

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हटला की सत्कार आले, स्मरणिका आली आणि त्यासोबत वृक्षारोपणही आले. पाहुण्यांच्या हस्ते रोप खड्ड्यात ठेवले जाते, झारीने पाणी घातले जाते, छायाचित्र निघते आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. त्या रोपाचे पुढच्या वैशाखात काय झाले, याची चौकशी करण्यास मात्र सहसा कोणी जात नाही. व्यापारात माल दुकानात आला म्हणजे नफा झाला असे कोणी मानत नाही. वृक्षारोपणात मात्र रोप लावले की पुण्य जमा झाले, असे गृहीत धरले जाते. म्हणूनच या व्याख्यानाचा विषय वृक्षारोपणाची स्तुती हा नाही. उजाड झालेली जमीन वृक्षांच्या साहाय्याने पुन्हा कशी उभी राहते, कोठे उभी राहत नाही आणि त्यात व्यापारी समाजाचा वाटा कोणता, याचा हा एक हिशेब आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते राजस्थानच्या थार मरुभूमीचे.

थारच का?

जोधपूरच्या उत्तरेस वाळवंटाच्या काठावर ओसिया हे गाव आहे. तेथील भगवान महावीरांचे मंदिर आठव्या शतकातील प्रतिहारकाळापर्यंत मागे जाते. ओसवाल समाज आपले मूळ याच ओसियात मानतो. जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनालये आणि तेथील ज्ञानभांडार, लोद्रव्याचे मंदिर, नाकोडा तीर्थ ही सर्व धर्मवैभवाची स्थाने मरुभूमीतच उभी आहेत. याच प्रदेशातील असंख्य कुटुंबे गेल्या दोन-अडीचशे वर्षांत व्यापारानिमित्त दक्षिणेकडे आली आणि पुणे, नाशिक, जालना, खानदेश व आजचे अहिल्यानगर अशा ठिकाणी स्थिरावली.

सभागृहातील प्रत्येक घर मारवाडातून आलेले नाही, हेही खरे. सांगली-कोल्हापूरकडील शेतकरी जैनांची मुळे याच भूमीत आहेत. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी वाळू मागे टाकली त्यांना आणि ज्यांच्या शिवारात दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ येतो त्यांना, दोघांनाही थारच्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वाळवंटीकरण म्हणजे काय?

वाळवंटीकरण म्हणजे वाळूचे डोंगर पुढे सरकत येणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. कोरड्या किंवा निमकोरड्या प्रदेशातील चांगली जमीन आपली उत्पादनक्षमता गमावू लागते, तेव्हा त्यास वाळवंटीकरण म्हणतात. अतिचराई, वृक्षतोड, पाण्याने वाहून जाणारी माती, वाऱ्याने उडणारी माती आणि चुकीच्या सिंचनाने वर येणारे क्षार ही त्याची प्रमुख कारणे होत. वाळवंट ही निसर्गाची निर्मिती आहे. वाळवंटीकरण हे बहुतांशी माणसाचे कर्म आहे.

या प्रश्नावर १७ जून १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रांचा जागतिक करार संमत झाला आणि भारताने १९९६ मध्ये त्यास मान्यता दिली. याच कराराची चौदावी परिषद सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रेटर नोएडा येथे भरली. त्या वेळी २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर निकृष्ट जमीन पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहांच्या साहाय्याने देशातील जमिनीच्या ऱ्हासाचा नकाशासंग्रह सिद्ध केला आहे. त्यानुसार २०१८-१९ मध्ये देशाच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे २९.७७ टक्के जमीन ऱ्हासाच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत होती. या यादीत राजस्थान अग्रस्थानी असावा यात नवल नाही. परंतु सर्वाधिक ऱ्हास झालेल्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचीही गणना होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. तेव्हा हा प्रश्न मारवाडात सोडून आलेल्या गावाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. तो पठारावरच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलेला आहे.

मरुभूमीचा कल्पवृक्ष

थारमध्ये पर्जन्यमान अत्यल्प आहे. जैसलमेरच्या पश्चिमेस वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अरवलीकडे येताना तो वाढत जातो. मे-जूनमध्ये नैर्ऋत्येकडून वाहणारे वारे वाळू उचलून शेते आणि घरे झाकून टाकतात. अशा ठिकाणी जो वृक्ष माणसाला शतकानुशतके धरून राहिला, तो खेजडी.

महाराष्ट्राला खेजडी अपरिचित नाही. येथे तिला शमी म्हणतात, काही भागांत सौंदड म्हणतात. विजयादशमीला जिची पूजा होते तीच ही शमी. १९८३ मध्ये राजस्थानने तिला राज्यवृक्षाचा मान दिला.

खेजडीचे रोप पहिली काही वर्षे जमिनीवर अगदी हळू वाढते, कारण त्याचे सारे बळ मूळ खाली नेण्यात खर्च होते. हे मूळ वाळूच्या थरांतून फार खोलवर पाण्याचा शोध घेते. त्यामुळे वरच्या थरातील ओलाव्यासाठी खेजडीची बाजरीशी स्पर्धा होत नाही. उलट हवेतील नत्र जमिनीत स्थिर करण्याचा गुण तिच्यात असल्याने आणि पालापाचोळ्याचे खत मिळत असल्याने तिच्या परिसरातील पीक अधिक जोमदार येते. शेतात वृक्ष असला की पीक खुंटते हा सर्वसाधारण अनुभव. खेजडी त्यास अपवाद आहे आणि म्हणूनच मारवाडचा शेतकरी तिला शेताच्या मध्यभागी उभी राहू देतो.

तिच्या पाल्याला तेथे ‘लूंग’ म्हणतात, तो उंट, शेळ्या-मेंढ्या आणि गुरे खातात. कोवळ्या शेंगा म्हणजे ‘सांगरी’. पिकलेल्या शेंगा म्हणजे ‘खोखा’, तो मुले आवडीने खातात. सांगरी उकडून वाळवली की दीर्घकाळ टिकते. पर्वतिथीला हिरव्या भाज्या टाळणाऱ्या घरांत केर-सांगरीची भाजी होते, तेव्हा मरुभूमीतील एका वृक्षाने ताटापर्यंत प्रवास केलेला असतो. थारच्या घरांत ती गरजेपोटी आली. आज लग्नाच्या पंगतीत तिला मानाचे स्थान आहे.

विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ ‘छप्पनिया काळ’ म्हणून मारवाडी घरांच्या स्मृतीत अजून आहे. त्या काळी धान्य संपले, चारा संपला आणि माणसांनी खेजडीची साल कुटून, दळून तिच्या भाकरी खाल्ल्या. जो वृक्ष आपली साल देऊनही माणसाला वाचवतो, त्याला मरुभूमीने कल्पवृक्ष म्हटले, त्यात अतिशयोक्ती नाही.

खेजडलीचे बलिदान

नागौरजवळच्या पीपासर गावी १४५१ मध्ये गुरू जांभेश्वर यांचा जन्म झाला. १४८५ मध्ये त्यांनी बिश्नोई पंथाची स्थापना केली आणि अनुयायांना एकोणतीस नियम दिले. हिरवे झाड तोडू नये आणि जीवमात्रावर दया करावी, हे त्यांतील दोन.

या नियमांची कसोटी १७३० मध्ये लागली. जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांना महालासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवायच्या होत्या आणि त्यासाठी लाकूड हवे होते. जोधपूरच्या आग्नेयेस असलेल्या खेजडली गावात राजाची माणसे कुऱ्हाडी घेऊन पोहोचली. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई स्त्रीने वृक्षाला मिठी मारली आणि प्राण दिले. तिच्या तीन मुली तिच्यामागे गेल्या. वार्ता गावोगावी पसरली, माणसे येत गेली आणि एकेका वृक्षासाठी कटत गेली. एकूण ३६३ स्त्री-पुरुषांनी त्या दिवसांत प्राणार्पण केले. राजाला हे कळल्यावर त्याने तोड थांबवली आणि बिश्नोई गावांत वृक्षतोड व शिकार यांस मनाई केली. ११ सप्टेंबर हा आता राष्ट्रीय वनशहीद दिन म्हणून पाळला जातो, त्याचे मूळ या घटनेत आहे.

या कथेचा एक भाग सहसा हळू आवाजात सांगितला जातो. ती तोड ज्यांच्या हुकमाने झाली, त्या राज्याच्या अधिकाऱ्याचे नाव परंपरेत गिरिधर भंडारी असे सांगतात. हे आडनाव मारवाडातून आलेल्या घरांना परके नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याच्या कृत्याचा दोष आजच्या कोणावरही येत नाही, हे उघड आहे. परंतु मंदिरे, धर्मशाळा आणि पांजरपोळ यांच्या गौरवाचा वारसा सांगणाऱ्याने अशा आठवणीही आपल्या वहीत लिहून ठेवाव्यात. जमाखर्चात केवळ जमेची बाजू लिहिली, तर त्यास ताळेबंद म्हणत नाहीत.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत झाडे तोडण्याचा धंदा, कोळसा पाडण्याचा धंदा, रान पेटवणे आणि तलाव-सरोवरे आटवणे यांचा समावेश आहे. म्हणजे उपजीविका कशी करावी याचा विचार करताना वृक्ष आणि पाणी यांना धर्मशास्त्राने फार पूर्वीच हिशेबात धरले होते. नियम ठाऊक होते. त्यांचे पालन प्राण देऊन करून दाखवले ते खेजडलीच्या शेतकरी स्त्री-पुरुषांनी.

वाळूचे टेकाड कसे थांबते?

स्वातंत्र्यानंतर या कामाला शास्त्राची जोड मिळाली. १९५२ मध्ये जोधपूर येथे मरुभूमी वनीकरण केंद्र स्थापन झाले आणि १९५९ मध्ये त्याचे रूपांतर केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेत झाले. ‘काझरी’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. सरकणारी वाळूची टेकाडे स्थिर करण्याची जी पद्धत येथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केली, तिचा क्रम समजून घेण्यासारखा आहे.

पहिली पायरी संरक्षणाची. टेकाडाभोवती कुंपण घालून चराई आणि लाकूडतोड थांबवली जाते. ही पायरी गाळली तर पुढचा सर्व खर्च बुडीत खात्यात जातो.

दुसरी पायरी वाऱ्याचा वेग मोडण्याची. बोरडी, खींप, सिणिया अशा स्थानिक झुडपांच्या फांद्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या, समांतर ओळींत किंवा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे चौकोनात, टेकाडाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत वाळूत रोवल्या जातात. या बुटक्या कुंपणांमुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो आणि वाळूचे कण जागच्या जागी राहतात. कोवळ्या रोपाला उडत्या वाळूचा मारा सोसत नाही, म्हणून हे आधी करावे लागते.

तिसरी पायरी लागवडीची. रोपवाटिकेत वाढवलेली रोपे पहिला चांगला पाऊस झाल्यावर, वाळू खोलवर भिजलेली असताना लावली जातात. दोन ओळींच्या मध्ये सेवण गवत पेरले जाते. टेकाडाला खरी घट्ट मिठी घालते ती गवताची मुळी आणि फोगसारखे झुडूप. वृक्ष त्यांच्या सोबतीने उभा राहतो. खेजडी, रोहिडा आणि कुमट हे तेथील स्वाभाविक वृक्ष होत.

शेतांच्या, रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेने वाऱ्याला आडवे वृक्षपट्टेही उभारले जातात. त्यांत मधल्या ओळीत उंच वृक्ष आणि दोन्ही बाजूंना बुटके वृक्ष असतात. त्यामुळे वारा उतरत्या छपरावरून जावा तसा वर चढून जातो आणि मागच्या पिकाला आडोसा मिळतो.

या सर्व क्रमात ‘रोप लावणे’ ही तिसरी पायरी आहे. समारंभात मात्र तीच पहिली आणि शेवटची असते.

पाण्याचेही असेच आहे. जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून ‘खडीन’ बांधले. खडकाळ उंचवट्यावरून वाहून येणारे पावसाचे पाणी उताराच्या पायथ्याशी मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे, अशी ही योजना. इतक्या थोड्या पावसात गहू-हरभरा पिकवणारे हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठातून आलेले नव्हते.

चुकांचे खाते

चांगल्या हेतूने केलेले वृक्षारोपणही अंगाशी येऊ शकते, याचा थारइतका स्पष्ट धडा क्वचितच मिळेल.

परदेशातून आणलेली विलायती बाभूळ, जिला महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणतात, ती झपाट्याने वाढते, जनावरे तिचा पाला खात नाहीत आणि दुष्काळात ती तग धरते. हे गुण पाहून तत्कालीन जोधपूर संस्थानाने १९४० मध्ये तिला ‘शाही वृक्ष’ म्हणून घोषित केले आणि तिचा प्रसार केला. सरपण मिळाले, हिरवळही दिसली. परंतु जनावरांनी खाल्लेल्या शेंगांतून तिचे बी सर्वत्र पसरले आणि तिने गायराने, ओढे आणि पडीक जमिनी व्यापल्या. तिच्याखाली गवत फारसे उगवत नाही. कच्छच्या बन्नी या विख्यात गवताळ प्रदेशात क्षार पुढे सरकू नयेत म्हणून १९६० च्या दशकात ती लावली गेली. आज तेथील मालधारी पशुपालक आपले गवत परत मिळवण्यासाठी तिच्याशी झगडत आहेत. गुजरातीत तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांनी तिला वेडी ठरवले, हा योगायोग नव्हे.

दुसरी चूक पाण्याची. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या आणि पुढे इंदिरा गांधी यांचे नाव मिळालेल्या कालव्याने हिमालयाचे पाणी थारमध्ये आणले. गंगानगर, हनुमानगढ, बिकानेरचे रूप पालटले आणि कालव्याच्या कडेची लाखो झाडे वाळूला अडवू लागली. परंतु जेथे जमिनीखाली पाणी न मुरू देणारा थर होता, तेथे सढळ सिंचनाने जमीन पाणथळ झाली आणि क्षार वर आले. हनुमानगढ भागात या आपत्तीला ‘सेम’ म्हणतात. ज्या जमिनीला तहान होती, ती अतिपाण्याने नापीक झाली. उधारी वाजवीपेक्षा अधिक दिली तर चांगले गिऱ्हाईकही बुडते, तशातलाच हा प्रकार.

तिसरी चूक समजुतीची. उघडी जमीन दिसली की ती पडीक आहे आणि तेथे झाडे लावलीच पाहिजेत, असे मानले जाते. थारमधील सेवण गवताची माळराने पडीक नाहीत. राजस्थानचा राज्यपक्षी गोडावण, म्हणजेच माळढोक, उघड्या माळावरच जगतो आणि जमिनीवरच अंडे घालतो. आज हा पक्षी जगात दीडशेच्या आसपासच उरला असून त्यांतील बहुतेक जैसलमेर परिसरात आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळही याच पक्ष्यासाठी प्रसिद्ध झाला. अशा माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे एका जीवाला आसरा देताना दुसऱ्याचे घर मोडणे होय. अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाने हा भेद तरी नक्कीच ओळखला पाहिजे.

मुळे जिवंत असतात

आफ्रिकेतील नायजर हा देश सहाराच्या दक्षिण काठावर आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी टोनी रिनाडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ वृक्षारोपणाचे काम करीत होते आणि लावलेली बहुतेक रोपे मरत होती. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की शेतात विखुरलेली खुरटी झुडपे ही वस्तुतः तोडलेल्या जुन्या वृक्षांची फूट आहे. खाली मुळे जिवंत होती. शेतकरी दरवर्षी ती फूट छाटून टाकत होते. मग नवी रोपे लावण्याऐवजी त्या फुटव्यांतील दोन-चार जोमदार फांद्या राखून बाकीच्या छाटण्याची पद्धत त्यांनी शेतकऱ्यांसमोर ठेवली. पुढील दोन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर अशा रीतीने वृक्ष परत आले. शेजारच्या बुर्किना फासोमध्ये याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने कडक झालेल्या जमिनीत लहान खड्डे खणून, त्यांत खत भरून, पावसाचे पाणी धरून ओसाड जमिनीवर वन उभे केले. या दोघांना २०१८ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

थारच्या शेतकऱ्याला ही गोष्ट जुनीच आहे. खेजडी तो सहसा लावत नाही. ती आपोआप उगवते आणि तो नांगर बाजूने नेतो. आता ट्रॅक्टरच्या तव्या बाजू पाहत नाहीत आणि रोप उगवताच उपटले जाते. त्यात वारंवार होणारी छाटणी, खाली गेलेले भूजल, मूळ पोखरणारी कीड आणि बुरशी यांमुळे जुनी खेजडी अनेक ठिकाणी वाळत आहे. सौरऊर्जा प्रकल्पांसाठी होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध २०२४ पासून बिकानेर भागात आंदोलने झाली. सूर्यापासून वीज मिळवणे हे चांगलेच कार्य आहे. ते करताना सावली देणारा वृक्ष आडवा करणे अपरिहार्य आहे काय, हा तेथील लोकांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. दरम्यान, देवाच्या नावाने राखलेल्या ‘ओरण’ या वनांचे सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून संरक्षण द्यावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थान सरकारला दिला.

कापडाच्या ताग्यामागची नदी

आता एक अप्रिय परंतु आवश्यक विषय. पाली, बालोतरा आणि जोधपूर ही रंगाई-छपाईची मोठी केंद्रे. बालोतऱ्याचे पॉपलिन देशभरच्या कापडबाजारात जाते, महाराष्ट्रातील बाजारपेठाही त्यास अपवाद नाहीत. या कारखान्यांतील प्रक्रिया न केलेले किंवा अर्धवट प्रक्रिया केलेले रंगीत, क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे बांडी, लूणी आणि जोजरी या नद्यांत सोडले गेले. काठच्या विहिरी खराब झाल्या, शेतजमिनी क्षारांनी पांढऱ्या पडल्या, झाडे वाळली. सामूहिक प्रक्रिया केंद्रे उभारली गेली, न्यायालयांनी आदेश दिले, तरी प्रश्न सुटला नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोजरी नदीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली.

हेही वाळवंटीकरणच आहे. येथे दोष वाऱ्याचा नाही, शेळीचा नाही आणि गरीब शेतकऱ्याचाही नाही. मीटरमागे चार-आठ आणे स्वस्त मिळणाऱ्या कापडाची उरलेली किंमत नदीकाठचा शेतकरी भरत असतो. ती कोणत्याही बिलावर दिसत नाही. कारखानदार म्हणतो की व्यापारी भाव पाडून मागतो. व्यापारी म्हणतो की गिऱ्हाईक स्वस्त मागते. गिऱ्हाईकाला नदीचे नावही ठाऊक नसते. अशा साखळीत प्रत्येक जण निर्दोष राहतो आणि जमीन मात्र मरते. एका हाताने शंभर रोपांची देणगी द्यावी आणि दुसऱ्या हाताने हजार झाडे वाळवणारा माल खरेदी करावा, ही विसंगती समाजाने स्वतःशी तरी मान्य केली पाहिजे. माल घेताना सांडपाण्याची व्यवस्था काय आहे, हा एक प्रश्न नेमाने विचारला गेला, तरी विकणाऱ्याला उत्तर तयार ठेवावे लागेल. भाव, रंगाचा पक्केपणा आणि पनाह यांची चौकशी जशी होते, तशीच ही चौकशी व्हावी.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प

या सर्व विवेचनातून ट्रस्टसमोर काही व्यवहार्य गोष्टी ठेवता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे संकल्प लावलेल्या रोपांचा न करता जगलेल्या वृक्षांचा करावा. हजार रोपांचा फलक लावण्यापेक्षा शंभर रोपे पाच वर्षे जगवून दाखवावीत. रोपाची किंमत अल्प असते. खरा खर्च कुंपण, पाणी आणि राखणदाराचा पगार यांचा असतो आणि तो दरवर्षी येतो. देणगीदारांनी रोपांऐवजी राखणीसाठी देणगी द्यावी. दर चैत्रात जिवंत वृक्षांची मोजणी व्हावी आणि तिचा तक्ता वार्षिक अहवालात, जमाखर्चाच्या शेजारी छापावा.

दुसरी गोष्ट निवडीची. कोरडवाहू भागात तेथलाच वृक्ष लावावा. बोर, हिवर, देशी बाभूळ, कडुनिंब, सीताफळ आणि अर्थातच शमी. दिसायला सुंदर, वाढायला जलद आणि नावाने परदेशी अशा रोपांच्या मोहात पडू नये. गवताचे माळ असतील तेथे गवतच राखावे. बांधावर जुन्या खोडाला फूट येत असेल, तर नवा खड्डा खणण्यापूर्वी ती फूट वाचवावी.

तिसरी गोष्ट मूळ गावाची. आजही अनेक कुटुंबे कुलदेवीच्या दर्शनास, जात-झडुल्यासाठी आणि तीर्थयात्रेसाठी मारवाडात जातात. तेथे संगमरवरी प्रवेशद्वारे आणि धर्मशाळा बांधल्या जातात, त्या अवश्य बांधाव्यात. त्याच बरोबर गावाच्या ओरणाचे कुंपण, नाडीचा गाळ काढणे, एखाद्या खडिनाच्या बांधाची दुरुस्ती यांसाठीही हात सैल व्हावा. देणगीदाराचे नाव अशा कामावर कोरता येत नाही, एवढाच त्यात तोटा.

चौथी गोष्ट दुकानाची. तिचा उल्लेख वर येऊन गेला आहे. ती सर्वांत कठीण आहे, कारण बाकीच्या तिन्हींना केवळ पैसा लागतो. हिला थोडा नफा सोडावा लागतो.

बंधुभगिनींनो, खेजडीच्या रोपाकडे पहिल्या काही वर्षांत पाहणाऱ्याची निराशाच होते. जमिनीवर वीतभर फांदी दिसते आणि ते वाढतच नाही असे वाटते. त्या काळात ते खाली मुळे सोडीत असते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेची स्थापना केली, त्यांनाही आरंभी फारसे काही दाखवण्यासारखे नसणार. आज जी सावली दिसते ती त्या न दिसणाऱ्या वर्षांची आहे. पुढील पन्नास वर्षांनी, शताब्दीच्या स्मरणिकेत, या सुवर्णमहोत्सवी वर्षात लावलेल्या आणि त्या वेळीही उभ्या असलेल्या वृक्षांची संख्या छापता यावी. तो आकडा लहान असला तरी चालेल, खरा असावा.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.  बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.